एकाच मोर्चातली दोन कारणं

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबईतल्या स्त्री-संघटना, काही डॉक्टर, वकील आणि विज्ञान चळवळीतली माणसं गर्भलिंगनिदानाविरुद्ध एकत्र आली. गर्भजलाची तपासणी करायची, मुलगी आहे असं सांगायचं आणि लगोलग गर्भपात करून द्यायचा, हा धंदा तेव्हा राजरोस चालला होता. आज पाचशे खर्चा, उद्याचे पाच लाख वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागत. या मंडळींनी निदर्शनं केली, सभा घेतल्या, आमदारांना गाठलं, आणि १९८८ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने या तपासण्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. देशातला तो पहिला. केंद्राचा कायदा व्हायला १९९४ उजाडलं.

त्या मोर्चांत चालणाऱ्यांत एकाच शाळेतले दोन शिक्षक होते. मी त्यांना वर्गात म्हणत असे तसंच सर आणि बाई म्हणते. सर वसईचे, कॅथलिक, रविवारचा मिस्सा न चुकवणारे. बाई गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या, कामगार चळवळीच्या घरातल्या, देवधर्माशी फारसा संबंध नसलेल्या. सरांना पोटातलं मूल वाचवायचं होतं. बाईंना मुलींच्या जन्माचा होणारा अपमान थांबवायचा होता, पण गर्भपाताचा हक्क शाबूत ठेवूनच. ही दोन कारणं एकमेकांच्या विरोधात जाऊ शकतात याची वाच्यता तेव्हा कुणी केली नाही. दोघंही निवृत्त झाल्यावर ती झाली, आणि अजून थांबलेली नाही.

सर: मी काही लपवलं नव्हतं, बाई. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, की गर्भ राहिला की जीव आला. मुलीचा असो, मुलाचा असो. तुम्हाला माणसं हवी होती, म्हणून तुम्ही विचारलं नाही.

बाई: खरंय. विचारलं असतं तर मोर्चा निम्मा झाला असता. आम्ही म्हटलं, आधी हा धंदा बंद करू, बाकीचं मागाहून बघू. पण फलकावर एकच ओळ मावते, सर. आमच्या सभांमध्ये आम्ही तासन् तास सांगायचो की आमचा विरोध लिंग बघून निवडण्याला आहे, गर्भपाताला नाही. फलकावर मात्र ‘भ्रूणहत्या’ आलं. सरकारनं तेच उचललं. एसटीच्या मागच्या बाजूला, पंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या प्रभातफेरीत तेच. हत्या म्हटल्यावर ती करणारी कोण? ती बाई. ज्या सासूनं, नवऱ्यानं, डॉक्टरनं तिला तिथवर आणलं ते सगळे सुटले.

सर: त्या शब्दात खोटं काय होतं?

बाई: तुमच्यासाठी काहीच नाही. तेच तर म्हणते आहे. चाललो दोघं, पण भिंतीवर तुमचं कारण लिहिलं गेलं.

सर यावर गप्प बसले नाहीत. ते आकड्यांकडे वळले, आणि ते आकडे कुणालाही टाळता येणार नाहीत असे आहेत. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या. २००१ ला ९१३. २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. म्हणजे कायदा झाल्यानंतरची दोन दशकं मुली कमीच होत गेल्या.

सर: तुमच्या-माझ्या फलकावर काय लिहिलं होतं यानं बीडमधला हिशोब बदलला नसता. तिथं सोनोग्राफीचं यंत्र गाडीत घालून फिरवत होते. २०१२ मध्ये परळीत बाई मेली गर्भपात करताना. २०१७ ला सांगली जिल्ह्यात म्हैसाळला तेच, आणि मग ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. तुम्ही म्हणता शब्द सौम्य हवा होता. मी म्हणतो, हे पाहून सौम्य शब्द सुचतोच कसा?

बाई: त्या दोन बाया मेल्या त्या असुरक्षित गर्भपातानं. त्यांच्या मरणावरून सरकारनं काय धडा घेतला? धाडी. धाडींना माझी ना नाही, सोनोग्राफीवाल्यांवर हव्याच होत्या. पण अन्न आणि औषध प्रशासनाची माणसं औषधाच्या दुकानात गेली, आणि गर्भपाताच्या गोळ्यांचा हिशोब मागायला लागली. आता मला सांगा, त्या गोळ्या सुरुवातीच्या आठवड्यांत द्यायच्या असतात. तेव्हा मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत दिसतच नाही. त्या गोळ्यांचा आणि मुली कमी होण्याचा संबंध काय? पण दुकानदार कशाला झंझट घेतोय. राज्यभर कितीतरी दुकानांनी त्या ठेवणंच सोडून दिलं.

मग बाईंनी आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीची गोष्ट सांगितली. दोन मुलं, तांबी बसवलेली, तरी दिवस गेले. नवरा ट्रकवर, गुजरातेत. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन ती गावातल्या तीन दुकानांत फिरली. पहिल्यानं ‘आम्ही ठेवत नाही’ म्हटलं, दुसऱ्यानं चिठ्ठी उलटसुलट करून परत दिली, तिसऱ्यानं तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. सरकारी दवाखान्यात गेली तर नवऱ्याची सही मागितली. कायद्यात अशी सही लागत नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, हे १९७१ पासून लिहिलेलं आहे. पण ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी सांगितलं नाही. नवरा येईपर्यंत आठवडे सरले. जे गोळ्यांवर भागलं असतं त्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन क्युरेटिंग करून घ्यावं लागलं, खासगीत, कर्ज काढून.

सर: हे वाईट झालं. याचं समर्थन मी करणार नाही. पण बाई, हा मोर्चाचा दोष नाही. नोकरशाहीचा आहे.

बाई: मोर्चाचाही आहे. सरकारकडे बंदी मागितली की सरकार खूश असतं. बंदीला खर्च नाही. एक परिपत्रक, चार धाडी, वर्तमानपत्रात फोटो. सेवा मागितली की डॉक्टर नेमावा लागतो, भूलतज्ज्ञ आणावा लागतो, औषधं पुरवावी लागतात. आम्ही एकदमच दोन्ही मागायला हवं होतं. मागितलं ते पहिलं, आणि मिळाल्यावर घरी गेलो.

इथे मला बाईंचं बोलणं थोडं दुरुस्त करावंसं वाटतं. सगळे घरी गेले नाहीत. केंद्राचा कायदा कागदावरच राहतोय हे पाहून २००० साली सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातल्या दोन संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या खटल्यातून निघालेल्या आदेशांनी सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी खऱ्या अर्थानं सुरू झाली, २००३ ला कायदाही बदलला. पुढे सुरक्षित गर्भपाताच्या बाजूनं बोलणाऱ्यांतही याच वर्तुळातली माणसं होती. पण न्यायालयात पाच-दहा जण असतात. रस्त्यावरचे हजार तोवर पांगलेले असतात, आणि भिंतीवरची ओळ त्या हजारांची असते.

सर: मग असं बघा. १९७१ चा गर्भपाताचा कायदा कोणत्या मोर्चानं आणला?

बाई: कोणत्याच नाही.

सर: हेच मला म्हणायचंय. शांतिलाल शहा, आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री. १९६४ ला त्यांची समिती बसली, १९६६ ला अहवाल आला, १९७१ ला संसदेनं कायदा केला. घोषणा नाही, दगडफेक नाही. मला तो कायदा पटत नाही, पण तो ज्या रीतीनं आला ती रीत पाहा. अमेरिकेत गर्भपाताच्या दवाखान्यावर बॉम्ब टाकले, डॉक्टरांना गोळ्या घातल्या. आपल्याकडे माझ्यासारखा माणूस आणि तुमच्यासारखी बाई एका बाकावर बसून चहा पितात. ही शांतता मोर्चा न काढल्यामुळे आहे.

बाई: आणि त्या शांततेची किंमत? तो कायदा कुणासाठी केला? लोकसंख्येची चिंता होती, आणि चोरून केलेल्या गर्भपातात बाया मरत होत्या, त्याची होती. बाईनं मागितला नव्हता, म्हणून बाईला दिलाही नाही. दिला डॉक्टरला. डॉक्टरला सद्भावनेनं वाटलं तर. फौजदारी कायद्यात गर्भपात आजही गुन्हा आहे, हा कायदा म्हणजे डॉक्टरला दिलेली सूट. गर्भनिरोधक फसलं हे कारण पन्नास वर्षं फक्त लग्न झालेल्या बाईला सांगता येत होतं, २०२१ च्या दुरुस्तीपर्यंत. आणि २००८ आठवतं? मुंबई उच्च न्यायालयात एक जोडपं गेलं होतं. बाळाच्या हृदयात दोष आहे हे वीस आठवडे उलटल्यावर कळलेलं. परवानगी नाकारली. त्यांच्यासोबत फक्त त्यांचा डॉक्टर होता, सर. त्यांच्यामागे रस्ता नव्हता. वीसचे चोवीस आठवडे व्हायला त्यानंतर तेरा वर्षं गेली.

सर: आणि ते बाळ जगलं असतं तर?

बाई थांबल्या. हा प्रश्न सर दरवेळी विचारतात, आणि त्यात कावा नसतो. तो त्यांना खरोखर पडलेला असतो. त्या प्रकरणात पुढे गर्भ आपोआप पडला, म्हणून उत्तर कुणालाच मिळालं नाही. पण माझं मत मी सांगून टाकते. जिच्या पोटात ते आहे तिच्यापेक्षा त्या प्रश्नाचा भार जास्त उचलणारं दुसरं कुणी नसतं, मग निर्णय दुसऱ्याचा कसा? सरांना हे मान्य नाही. ते म्हणतात, भार उचलते म्हणून मालक होत नाही.

आणि मग आयर्लंड निघालं. ते निघाल्याशिवाय या दोघांचा वाद पुढे सरकत नाही, कारण तो सरांच्या धर्माचा देश आणि मेली ती बेळगावची लेक.

सविता हलप्पनवार दंतवैद्य होती, ३१ वर्षांची. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, सतराव्या आठवड्यात, गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं. तिनं गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नाकारला गेला. ठोके थांबेपर्यंत जंतुसंसर्ग तिच्या रक्तात भिनला होता. २८ ऑक्टोबरला ती गेली. हा देश कॅथलिक आहे, असं तिला सांगितल्याचं तिथल्या एका मिडवाइफनं पुढे मृत्यूच्या चौकशीत कबूल केलं.

सर: तो शब्द मला लाजवतो. पण संसर्ग वेळेवर ओळखला नाही, तपासण्यांचा पाठपुरावा झाला नाही, हेही तिथल्या आरोग्य यंत्रणेच्या चौकशीत निघालं. उपचाराचा दोष धर्माच्या माथी मारू नये.

बाई: त्याच चौकशीनं असंही नोंदवलं की कायद्याचा अर्थ कसा लावायचा याचा गोंधळ मृत्यूला कारणीभूत ठरला. डॉक्टर वाट बघत होते, सर. ती पुरेशी मरायला टेकते का याची. आणि तो कायदा आला कुठून? तुमच्याच लोकांच्या आंदोलनातून. १९८३ ला आयर्लंडच्या घटनेत आठवी दुरुस्ती झाली, आईचा आणि गर्भाचा जगण्याचा हक्क समान ठरवला. सार्वमतात ६७ टक्के लोक बाजूनं होते.

सर: आणि २०१८ ला ६६ टक्क्यांनी तीच दुरुस्ती काढून टाकली. तुम्हाला यात विजय दिसतो. मला दिसतं ते असं, की पस्तीस वर्षांत तेवढ्याच बहुमतानं बरोबर उलट सांगितलं. मग खरं कधी होतं? मोर्चा कोणत्याही बाजूचा मोठा होऊ शकतो. अमेरिकेत १९७३ ला न्यायालयानं गर्भपाताचा हक्क दिला. दुसऱ्याच जानेवारीपासून आमच्या विचाराची माणसं वॉशिंग्टनच्या थंडीत चालायला लागली, आणि २०२२ च्या जूनमध्ये तो निकाल फिरला. रस्त्यानं न्याय मिळतो असं तुम्ही म्हणत असाल, तर तो न्यायही तुम्हाला मानावा लागेल.

हा सरांचा सगळ्यात जड मुद्दा आहे. आंदोलनावर विश्वास असलेल्या माणसानं तो झटकून टाकू नये. बाईंनीही झटकला नाही.

बाई: न्याय म्हणून मानणार नाही. पण ती माणसं चिकाटीनं चालली हे मानते. आणि आमच्या बाजूच्यांनी न्यायालयानं दिलं म्हणून निर्धास्त राहायला नको होतं, हेही. आयर्लंडमध्ये सविताची बातमी आली त्याच दिवशी लोक संसदेसमोर जमले. तिचा फोटो हातात, मेणबत्त्या. २०१३ ला एक अर्धामुर्धा कायदा आला, आईच्या जिवाला धोका असेल तरच. ते घरी गेले नाहीत. आणखी पाच वर्षं दर वर्षी रस्त्यावर. परदेशी राहणाऱ्या पोरी विमानानं, बोटीनं मत द्यायला परत आल्या. बेळगावातून तिच्या वडिलांनी तिथल्या लोकांना आवाहन केलं, माझ्या मुलीला आठवून मत द्या. आणि १ जानेवारी २०१९ पासून बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता, सरकारी खर्चानं सेवा. बंदी काढा एवढंच नाही, सेवा द्या, हे त्यांनी पहिल्यापासून धरून ठेवलं होतं. मी म्हणते आहे तो फरक हा.

सर: मधली एक पायरी तुम्ही गाळलीत. नागरिकांची सभा. ९९ साधी माणसं निवडली, एक न्यायाधीश अध्यक्ष, आणि डब्लिनजवळ मॅलाहाइडच्या एका हॉटेलात शनिवार-रविवारी बसवून दोन्ही बाजू ऐकवल्या. डॉक्टर ऐकले, वकील ऐकले, गर्भपात केलेल्या बाया ऐकल्या, न केलेल्याही ऐकल्या. मग मतदान. माझ्या मनाविरुद्ध झालं. पण त्या खोलीत माझी बाजू कुणी ओरडून बंद केली नाही. तुमच्या मोर्चात मला बोलायला मिळालं नव्हतं, बाई. फक्त चालायला मिळालं.

बाई: ती सभा रस्त्यानं रेटा दिल्याशिवाय बसली असती?

सर: नसती. आणि नुसत्या रस्त्यानं तो निकाल टिकला नसता.

मला विचाराल तर या वादात रस्ता की सभा हा प्रश्न तितकासा महत्त्वाचा नाही. आंदोलन कुणाकडे तोंड करून उभं आहे, हे मी आधी बघेन. सरांनीच नकळत ते दाखवलं. वसईची हिरवळ आणि विहिरी बिल्डरांपासून वाचवायला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे हजारो लोक उतरले होते, सरही त्यात होते. त्याबद्दल ते अभिमानानं बोलत होते, तेव्हा बाईंनी विचारलं, की तुमच्या विचाराची माणसं परदेशात दवाखान्याच्या दारात उभी राहतात, आत जाणाऱ्या एकेका बाईला अडवून जपमाळ दाखवतात, ते तुम्हाला चालतं का?

सर: प्रार्थना करणं हा गुन्हा नाही.

बाई: हरित वसईच्या आंदोलनात तुम्ही कुणाच्या दारात बसलात?

सर: सरकारच्या.

बाई: सरकारच्याच ना? ज्याच्या हातात सत्ता होती त्याच्या. एखाद्या एकट्या, घाबरलेल्या माणसाच्या नाही.

सर बराच वेळ बोलले नाहीत. आयर्लंडनं २०२४ च्या ऑक्टोबरपासून अशा दवाखान्यांभोवती शंभर मीटरच्या आत निदर्शनांना बंदी घातली, हे त्यांना ठाऊक होतं, आणि आदल्याच आठवड्यात ते त्या बंदीवर रागावले होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, ‘दारात उभं राहू नये. रस्त्याच्या पलीकडे राहावं.’ बाईंना तेही पुरेसं वाटत नाही.

सर: पण मग मी काय करावं, हे सांगा. मला जे जीव वाटतं ते जाताना मी बघत राहू? मी तुम्हाला जोतीराव सांगतो. पुण्यात एका ब्राह्मण विधवेला नवजात बाळ मारल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोतीराव-सावित्रीबाईंनी कुणाच्या विरुद्ध घोषणा दिल्या नाहीत. १८६३ ला घराचं दार उघडलं. इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं असेल तर न्या, ठेवलंत तर आम्ही सांभाळू. आई वाचली, मूल वाचलं. पुढे त्यातलंच एक स्वतः दत्तक घेतलं. माझ्या मनातलं उत्तर ते आहे.

बाई: माझ्याही मनात ते घर आहे, सर. त्या घरानं बाईला काही विचारलं नाही, हे त्यातलं मोठेपण. पण १८८१ ला सुरतेच्या विजयालक्ष्मीवर तोच आरोप आला तेव्हा वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांना नावं ठेवली, आणि ताराबाई शिंद्यांनी संतापून लेखणी उचलली. घर हवंच होतं. संतापही हवाच होता. आणि त्या घरी येणाऱ्या विधवेला नऊ महिने पोट लपवायला लागायचं, दुसरा मार्गच नव्हता. आज आहे. तो का बुजवायचा?

इथवर आल्यावर दोघं साधारणपणे थांबतात. या खेपेला थांबले नाहीत, कारण बाईंनी पिशवीतून एक निवेदन काढलं. जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यायचं. मागण्या तीन. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गर्भपाताची सेवा सगळे दिवस मिळावी. सज्ञान बाईकडे नवऱ्याची सही मागू नये, आणि तिची नोंद कायद्यानं गोपनीय आहे ती धाडीच्या निमित्तानं कुणाला दाखवू नये. तिसरी मागणी पाटीची. कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात गेलं की भिंतीवर पहिली दिसते ती ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी, कायद्यानं सक्तीची. काय होत नाही ते ठळक अक्षरात. कायदेशीर गर्भपात कुठे होतो, कोणत्या आठवड्यापर्यंत, कुणाची संमती लागते, हे लिहिलेली पाटी बाईंनी त्या तालुक्यात कुठेच पाहिलेली नाही.

सरांनी कागद दोनदा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

सर: दुसऱ्या मागणीवर सही करतो. तिची नोंद तिची आहे, आणि तिची सही तिचीच असावी. पहिलीवर करणार नाही. तुम्हाला माहीत आहे का ते.

बाई: तिसरी?

सर: पाटी खरी माहिती सांगणार असेल तर मी विरोध करणार नाही. पण त्याच पाटीवर हेही लिहा, की मूल ठेवायचं असेल आणि घरचे नको म्हणत असतील, तर कुठे जायचं. आज असं घर तालुक्यात आहे का, ते आधी विचारून घ्या. नसेल तर तीही मागणी करा. त्या मोर्चात मी येईन.

बाईंनी पेन काढलं आणि कागदाच्या तळाशी चौथी मागणी लिहायला घेतली. सरांना पुढच्या ओळीचा मायना पटला नाही. त्यावरून दोघांची पुन्हा जुंपली.